कुलूप कोण लावतं?

गेल्या नाताळच्या सुट्टीत माझी सहा वर्षांची नात एका शिबिराला जात होती. नेरुळला आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या काही हौशी मंडळींनी भरवलेलं, आठ दिवसांचं शिबिर. सकाळी दोन तास थोडे खेळ, थोडी चित्रकला, कागदाची विमानं आणि निघताना हातात चिक्की. शेवटच्या दिवशी चिक्कीबरोबर एक कागदही आला. वर लिहिलं होतं, 'पालकांचा अभिप्राय'. खाली पाच गोल चेहरे काढलेले. पहिला पार रडका, शेवटचा दात काढून हसणारा, मधले तीन आपले अधलेमधले. या उपक्रमाबद्दल पालक म्हणून आपण किती समाधानी आहात, त्या चेहऱ्यावर खूण करा, अशी सूचना.

मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जाणारे, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. मी चष्मा लावून, पेन घेऊन बसलो आणि बसूनच राहिलो. त्या पाच चेहऱ्यांमध्ये मला माझ्या वडिलांचा चेहरा दिसेना. अब्बा अशा बाबतीत समाधानी झाले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तेव्हा ते हसले नव्हते. मान किंचित हलवून चालू लागले होते.

ती गोष्ट सांगतोच. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं. मुलांना मोकळ्या वेळात कुणाच्या तरी हवाली करायचं आणि निर्धास्त राहायचं, हा प्रश्न काही आपल्या पिढीनं शोधून काढलेला नाही.

आपल्याकडे त्याचं जुनं उत्तर होतं तालीम. हा शब्द मला फार आवडतो. आमच्या घरी कोकणी बोलली जायची, पण मदरशात आणि मोहल्ल्यात कानावर उर्दू पडे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत आला आणि तो लाल मातीत उतरला, कुस्तीच्या आखाड्याचं नाव झाला. तसाच 'उस्ताद' मराठीत येऊन 'वस्ताद' झाला. लहानपणी माझी एक चुलती गावाहून आली होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आमचा मुलगा रोज तालमीला जातो." चुलतीला वाटलं, मुलगा फार अभ्यासू आहे. तिनं त्याला तोंडभर दुआ दिल्या. तो तेव्हा सातवीत दुसऱ्यांदा बसला होता.

तालमीत मुलगा पाठवताना आईबाप काय पाहायचे? तिथला हौद किती मोठा आहे, हे नाही. वस्ताद कोण आहे, ते पाहायचे. तो कुठल्या गल्लीत राहतो, कुणाच्या लग्नाला उभा राहतो, मयताला खांदा द्यायला येतो की नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे. वस्ताद हिंदू की मुसलमान, हा प्रश्न दुय्यम होता. बडोद्याचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव हे व्यायामक्षेत्रातलं केवढं मोठं नाव! त्यांच्या संस्थेचं नाव होतं जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे त्यांचे गुरू. व्यायामशाळेला मंदिर म्हणायचं आणि त्या मंदिराला मुसलमान वस्तादाचं नाव द्यायचं, यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. कोल्हापुरात बाबुजमाल तालमीत आजही गणपती आणि पंजे दोन्ही बसतात. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची. त्यांच्या पथकानं 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं तिथे जाऊन दाखवली. वऱ्हाडातल्या आईबापांनी आपली पोरं त्या काळात समुद्रापार पाठवली, ती काही बर्लिनवर विश्वास ठेवून नव्हे. नेणाऱ्यांवर ठेवून.

हे सगळं चालत होतं, कारण गाव आणि पेठ माणसाला ओळखत होती. मुंबईत ती सोय नव्हती. गिरण्या, गोदी आणि बाजार यांच्या ओढीनं आलेली माणसं एका खोलीत दहा-दहा राहत. शेजारी कोण, हे कळेपर्यंत तो शेजारी दुसरीकडे गेलेला असे. बाप पाळीवर, आई कामावर किंवा पाण्याच्या रांगेत, आणि मुलं रस्त्यावर. अशा शहरात वस्ताद कुठून आणायचा?

याच प्रश्नाला जगाच्या दुसऱ्या टोकाला एक उत्तर सापडलं होतं. लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत 1884 मध्ये टॉयन्बी हॉल नावाचं घर उभं राहिलं. कल्पना साधी होती. गरिबांसाठी काम करायचं तर त्यांच्या वस्तीत राहायला जायचं, त्यांचे शेजारी व्हायचं. ते पाहून जेन अॅडम्स या बाईंनी 1889 मध्ये शिकागोत 'हल हाउस' सुरू केलं. आजूबाजूला इटली, ग्रीस, रशिया, पोलंड अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबं होती. त्या घरात पाळणाघर होतं, व्यायामशाळा होती, नाटकं होत. जेन अॅडम्सनी 1909 मध्ये शहरातल्या तरुण मुलांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शहरांनी माणसांचं काम संघटित केलं, पण त्यांचं खेळणं वाऱ्यावर सोडलं. पुढे 1931 मध्ये या बाईंना शांततेचं नोबेल मिळालं.

त्याच शिकागो शहराच्या विद्यापीठात शिकलेला एक तरुण 1925 मध्ये मुंबईत आला. क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याचं नाव. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनं तो आला होता. मिशननं मुंबईच्या गरीब वस्तीत कायमचं काम करायचं ठरवलं, जागा निवडली नागपाडा, आणि तिथे 'नागपाडा नेबरहुड हाउस' उभं राहिलं. मराठीत आपण त्याला शेजारघर म्हणू. मॅन्शार्ट त्याचा पहिला संचालक. शिकागोहून निघालेला धागा असा थेट आमच्या मोहल्ल्यापर्यंत येऊन पोचला.

नागपाडा तेव्हा काय होता, हे आज सांगूनही खरं वाटणार नाही. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, दलित गिरणी कामगार, सगळे हाकेच्या अंतरावर. एका बाजूला भायखळा, एका बाजूला मदनपुरा, आणि लागूनच कामाठीपुरा. आपल्या मुलांनी संध्याकाळी कोणत्या दिशेला पाय टाकायचा नाही, हे तिथल्या आईबापांना नकाशा न पाहता ठाऊक होतं. कुठल्या दिशेला टाकायचा, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. शेजारघरानं ती दिशा दाखवली. वर्ग, वाचनालय, दवापाणी, व्याख्यानं आणि खेळ.

आता कल्पना करा. मिशनचे गोरे साहेब, आणि मोहल्ल्यातली मुसलमान पोरं. आमच्या इमारतीतली म्हातारी माणसं सांगत, की सुरुवातीला घराघरांत एकच धास्ती होती. पोरगा खेळायला जाईल आणि ख्रिस्ती होऊन परत येईल. ही धास्ती मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. पालकाचं समाधान नेहमी धास्तीच्या पोटातूनच येतं. ज्याला कसली भीतीच नाही, त्याच्या समाधानाला फारसं वजन नसतं. म्हातारे पुढे म्हणायचे, मुलं खेळून आली, घामाघूम होऊन आली, आणि मगरिबच्या नमाजाला बापाशेजारी उभी राहिली. असं वर्षानुवर्षं झालं, तेव्हा कुठे लोक सैल झाले.

या घराचा एक मोठा वारसा आपण विसरतो. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीनं 1936 मध्ये समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था सुरू झाली, ती याच नागपाड्यात. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक आणि पहिल्या तुकडीत विद्यार्थी वीस. तीच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली आणि देवनारला गेली. म्हणजे आपल्या देशात समाजकार्याचं शिक्षण जन्माला आलं ते पोरांच्या खेळण्याच्या आवाजात. पुढच्या वर्षी, 1937 मध्ये, मॅन्शार्टनी भारतातल्या मुलांच्या प्रश्नांवर एक पुस्तकही काढलं.

आणि दुसरा वारसा बास्केटबॉलचा. हा खेळ 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकानं काढला. थंडीच्या दिवसांत मुलांना छपराखाली दमवायचं कसं, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्यानं पीच फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. तो खेळ नागपाड्यात असा काही रुजला की विचारू नका. कारण उघड आहे. क्रिकेटला मैदान लागतं आणि पैसे लागतात. बास्केटबॉलला सिमेंटचा एक तुकडा, दोन खांब, दोन कड्या आणि एक चेंडू पुरतो. दहा पोरं खेळतात आणि पन्नास पाहतात. नागपाड्यात वाढलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, त्यांना 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या लहानपणी त्यांचं नाव सिनेमा नटासारखं घेतलं जाई.

मी दहा वर्षांचा होतो, म्हणजे 1979 ची गोष्ट. अब्बा मशीद बंदरच्या बाजूला कांदा-बटाट्याच्या बाजारात मापाडी होते. पहाटे जायचे, दुपारनंतर यायचे, अंगाला कांद्याचा वास घेऊनच. मी अभ्यासाच्या नावाखाली मित्राकडे जातो म्हणून सांगे आणि मोहल्ल्यातल्या एका बास्केटबॉलच्या कोर्टाच्या जाळीला नाक लावून उभा राही. एक दिवस तिथल्या उस्तादांनी मला आत ओढलं. "बाहर खडे रहके क्या मिलेगा?" एवढंच म्हणाले. महिनाभर मी लपून खेळलो. मग कुणीतरी चुगली केली.

त्या संध्याकाळी अब्बा आले. मी कोर्टाच्या त्या टोकाला होतो. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर मार बसणार. पण ते जाळीबाहेर उभे राहिले. अर्धा तास तरी उभे होते. बाजारातून आलेला दमलेला माणूस, बसायलाही जागा नव्हती. खेळ थांबला तसे ते उस्तादांजवळ गेले. सलाम-दुआ झाली. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "लाइट कितने बजे बंद करते?" उस्ताद म्हणाले, साडेआठला. दुसरा प्रश्न असा होता, "सब बच्चे गये, उसके बाद ताला कौन लगाता?"

उस्तादांनी खिशातून किल्ली काढून दाखवली.

अब्बांनी मान किंचित हलवली आणि निघाले. मला काही बोलले नाहीत. घरी अम्मीला एवढंच म्हणाले, "आखरी पोरगा जाईपर्यंत तो माणूस तिथे असतो." त्यानंतर आमच्या घरात या विषयावर चर्चा झाली नाही. खेळून काय मिळणार, नोकरी लागणार का, अभ्यासाचं काय, यांतलं काही नाही. सातवी शिकलेल्या मापाड्यानं एका वाक्यात सगळं माप घेतलं होतं. मी काही खेळाडू झालो नाही. दोन वर्षं खेळलो, बहुतेक वेळ बदली म्हणून बसलो. पण संध्याकाळचे ते दोन तास माझे होते आणि ते कायदेशीर होते, चोरीचे नव्हते.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. हे सगळं मुलग्यांबद्दल चाललं आहे. माझी मोठी बहीण तेव्हा तेरा वर्षांची होती. ती संध्याकाळी कुठे होती, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. ती घरात होती.

मुलींसाठी मैदानाचं दार महाराष्ट्रात ज्यांनी मोठ्या प्रमाणावर उघडलं, त्यांत राष्ट्र सेवा दलाचं नाव घ्यावंच लागेल. 4 जून 1941 रोजी दलाची नव्यानं उभारणी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख, साने गुरुजींसारख्यांची माया पाठीशी. रोज संध्याकाळी तासाभराची शाखा, खेळ, कवायत, गाणी. आणि त्यात मुलगे-मुली एकत्र. चाळीसच्या दशकातल्या मध्यमवर्गीय घरांत यानं काय खळबळ उडाली असेल, याची कल्पना करता येते. पुढे दलाचं कलापथक निघालं. वसंत बापट लिहीत होते, सुधा वर्दे नृत्य बसवत होत्या, आणि चांगल्या घरच्या मुली रंगमंचावर येऊन नाचत होत्या. तमाशाचं नाव काढलं तरी ज्या घरांत भुवया वर जात, त्या घरांनी हे कसं मान्य केलं?

मला वाटतं, याचं उत्तर तत्त्वज्ञानात कमी आणि हस्ताक्षरात जास्त आहे. दलाचे अनेक कार्यकर्ते शाळामास्तर होते. जो माणूस सकाळी मुलीच्या वहीवर लाल शेरा मारतो, तोच संध्याकाळी शाखेवर असतो. आईबापांना त्याचं अक्षर ओळखीचं होतं. समाजवाद समजला म्हणून फार थोड्या आयांनी मुली पाठवल्या असतील. मास्तर समजले म्हणून पाठवल्या. शहरानं वस्ताद हरवला होता, तो शाळामास्तराच्या रूपानं परत मिळाला, असं म्हटलं तरी चालेल.

आता खाडी ओलांडू. कारण आम्हीही तेव्हाच ओलांडली.

मुंबईला पर्याय म्हणून खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. 95 गावांची जमीन घेऊन शहर आखलं गेलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला आणि बाजारामागून आमचं बिऱ्हाड वाशीला आलं. रेल्वे नव्हती, ती 1992 मध्ये आली. पुलावरून बसनं यायचं. उतरलं की खाऱ्या चिखलाचा वास.

आणि मैदानं! नागपाड्यातल्या पोरानं इतकी मोकळी जागा जन्मात पाहिली नव्हती. सिडकोच्या आखणीत घरांजवळ शाळा आणि शाळेजवळ मैदान धरलेलं असे. कागदावर ते हिरव्या रंगात होतं, प्रत्यक्षात कमरेएवढं गवत आणि त्यात साप. मी पहिल्या आठवड्यात एका मैदानावर जाऊन उभा राहिलो. जाळी नव्हती, दिवा नव्हता, कुलूप नव्हतं आणि उस्तादही नव्हते. शहर आखणाऱ्यांनी खेळायची जागा ठेवली, हे त्यांचे उपकारच. त्या जागेवर संध्याकाळी कोण उभं राहील, हे मात्र नकाशात दाखवता येत नाही.

बरं, ती जमीन मोकळी होती असंही नव्हे. तिथली आगरी-कोळी मुलं भातकापणीनंतर सुकलेल्या शेतात कबड्डी खेळत. बांधावर कुणाचा तरी आजा बसलेला असेच, त्यामुळे आईबापांना विचारपूस करायची गरजच नसे. शेतं गेली तसं ते मैदानही गेलं आणि बांधावरचा आजाही गेला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पण त्या साडेबारा टक्क्यांत कबड्डीचं शेत कुणी मोजलं नाही. आज गावठाणातली मुलं सेक्टरमधल्या सोसायटीच्या फाटकाशी उभी दिसतात. आत पाटी असते, 'फक्त सभासदांसाठी'. मी नागपाड्याच्या जाळीला नाक लावून उभा असे, तशीच ती उभी असतात. फरक एवढाच, की त्यांना आत ओढणारं कुणी नसतं.

नव्वदनंतर शहर भरू लागलं. महानगरपालिका 1 जानेवारी 1992 ला आली. मैदानांना भिंती आल्या, दिवे आले, आणि हळूहळू फी घेणाऱ्या प्रशिक्षण संस्था आल्या. मुंबईत 1999 मध्ये मॅथ्यू स्पेसी यांनी 'मॅजिक बस' सुरू केली आणि रस्त्यावरच्या मुलांना खेळातून शिकवण्याचं काम उभं केलं. अशी कामं वाढली. तरीही बहुतेक ठिकाणी संध्याकाळी मैदानावर जे काही चालतं, ते कुणातरी एका माणसाच्या हौसेवर चालतं.

असाच एक तरुण 2008 मध्ये नेरुळच्या एका मैदानावर मुला-मुलींना फुटबॉल शिकवत असे. फुकट. स्वतः कुठेतरी दिवसभर नोकरी करायचा आणि सहा वाजता शिट्टी गळ्यात अडकवून हजर व्हायचा. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. मैत्रिणीबरोबर एकदा गेली आणि मग रोजच जाऊ लागली. चार महिने गेली. गुडघे फोडून यायची आणि दोन पोळ्या जास्त खायची. त्या तरुणानं दोन वेळा निरोप पाठवला, "पालकांनी एकदा येऊन खेळ बघावा." मी गेलो नाही. त्या दिवसांत माझ्या कवितासंग्रहाची मुद्रितं तपासायची होती. संग्रहात स्वातंत्र्यावर चार कविता होत्या.

मग एका लग्नात एक नातेवाईक म्हणाले, "भाईजान, पोरगी मोठी झाली. चड्डी घालून पोरांमध्ये पळते, लोक बघतात." एवढंच. मी घरी येऊन सांगितलं, उद्यापासून बंद. मुलगी रडली नाही. तिनं बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. आठवड्यानं तो तरुण घरी आला. मी त्याला चहा दिला आणि खोटं सांगितलं, अभ्यास फार आहे म्हणून. तो खोटं ओळखून होता, पण वयानं लहान होता. चहा पिऊन, सलाम करून गेला.

आमच्या समाजात असंच असतं, असं म्हणून ही गोष्ट कुणी गुंडाळू नये. पाहिजे तर शेजारचं मुंब्रा बघा. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली किती मुसलमान कुटुंबं तिथे राहायला गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. दाटीवाटीचं गाव, मैदानांची वानवा. तिथे 2012 मध्ये सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'परचम' हा गट उभारून मुलींचं फुटबॉल सुरू केलं. परचम म्हणजे झेंडा. मुसलमान मुली, हिंदू मुली, एकत्र. काही हिजाब घालून, काही विनाहिजाब. घराघरांतून विरोध झाला, होणारच होता. पण पुढे त्याच मुलींनी सह्या गोळा करून, खेळायला आम्हालाही मैदान द्या, अशी मागणी केली. माझी एक आतेबहीण मुंब्र्यात राहते. तिला मी विचारलं, आपल्या गल्लीतल्या आया मुलींना कशा पाठवतात गं? ती म्हणाली, "अरे, त्या बायका घरी येऊन बसतात. चहा पितात, पोरीचं नाही, आमचं विचारतात. एकदा म्हणाल्या, तू पण चल मैदानावर. मी गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा मी मैदानात पाय ठेवला." समाधानी आहेस का, असं तिला कुणी विचारलं असतं तर ती गोंधळून गेली असती. ती तिथे जाऊन आली होती, हेच तिचं उत्तर होतं.

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मध्यरात्र झाली होती आणि रस्त्यावर हॉर्न थांबत नव्हते. आमच्या खिडकीतून स्टेडियमचा उजेड दिसत होता. त्याआधी तीनच दिवस जेमिमा रॉड्रिग्जनं त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या होत्या. तिचे वडील इव्हान हेच तिचे पहिले प्रशिक्षक. मुलीसाठी त्यांनी शाळेत मुलींचा संघच उभा केला. टीव्हीवर हे सांगत होते, तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेलो.

माझी मुलगी त्या दिवशी आमच्याकडेच होती. आता ती एकोणतीस वर्षांची आहे, पुण्याला नोकरी करते. हॉर्नचा आवाज जरा कमी झाल्यावर ती सहज म्हणाली, "अब्बा, आमचे ते सर आठवतात? सगळ्या मुली घरी जाईपर्यंत ते गेटवर उभे राहायचे. एकदा माझी मैत्रीण वाटेत रेंगाळली, तर तिच्या बिल्डिंगखाली जाऊन खात्री करून आले. मगच निघाले."

मी काही बोललो नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर माझ्या बापानं अर्धा तास उभं राहून मिळवलं होतं, त्याच प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर रोज संध्याकाळी गेटवर उभं होतं. मी बी. ए. झालेला माणूस, आणि मी ते विचारायलाच गेलो नव्हतो.

तर असा तो पाच चेहऱ्यांचा कागद माझ्यासमोर होता. दुसऱ्या दिवशी मी तो तसाच कोरा घेऊन शेजारच्या सोसायटीत गेलो. शिबिर घेणारा मुलगा हिरवळीवरचे रंगीत शंकू गोळा करत होता. मी त्याला विचारलं, "इथे कुलूप कोण लावतं?"

तो हसला. "आजोबा, इथे कुलूप कुठलं? वॉचमन आहे, आठ कॅमेरे आहेत. सगळं पालकांच्या मोबाइलवर दिसतं."

"बरं," मी म्हटलं, "मग सगळ्यात शेवटी कोण जातं?"

तो जरा थांबला. हातातले शंकू त्यानं खाली ठेवले. "शेवटी मीच जातो," तो म्हणाला. "परवा एका मुलीची आई वीस मिनिटं उशिरा आली. आम्ही दोघं विमानं करत बसलो होतो."

मी तिथेच बाकावर बसून चौथ्या चेहऱ्यावर खूण केली. पाचवा तेवढा सोडला. दात काढून हसणं अब्बांना जमलं नसतं.